दिवेघाट कृष्णधवल, जेजुरी रंगीत

आषाढी वारीचे फोटो काढणाऱ्यांच्या कार्डांत दोन जागा हमखास असतात. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे चढते तो दिवेघाट आणि सासवडनंतरची जेजुरी. वारी तीच, माणसं तीच, पण ब्लॅक अँड व्हाइट की रंगीत, या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे वेगळं येतं.

दिवेघाटात वरच्या वळणावरून खाली पाहिलं की ओला काळा डांबरी रस्ता, ढगाळ आभाळ आणि पांढऱ्या टोप्या-सदऱ्यांची रांग दिसते. हा फोटो उजेड आणि काळोखाच्या फरकावर उभा आहे. रंग काढून घेतला तरी रांग रांगच राहते, उलट प्लास्टिकच्या निळ्या-गुलाबी कागदांचा गोंधळ कमी होतो. जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात. त्यातला हळदीचा पिवळा गेला की हवेत उरतो फिकट राखाडी ढग. पीठ म्हणा, राख म्हणा, धुकं म्हणा. जेजुरी ठाऊक नसलेल्या माणसाला तिथे काय चाललंय तेच कळणार नाही. तेव्हा विचारायचं ते एवढंच: रंग गेल्यावर फोटोतली बातमी जाते का? जात असेल तर रंग ठेवा.

खरी अडचण या दोन टोकांच्या मधल्या फोटोंची. हिरव्या डोंगरापुढे भगवी पताका घ्या. डोळ्याला ती लांबूनही ओरडून दिसते. पण रंगाचा राखाडी करताना बरीच सॉफ्टवेअर लाल सुमारे 30 टक्के, हिरवा 59 आणि निळा 11 असं वजन धरतात. गडद भगव्याचे लाल, हिरवा, निळा असे (0 ते 255 मधले) आकडे 220, 80, 20 धरले तर राखाडी येतो 115 च्या आसपास. पावसाळी गवताचे 100, 130, 60 धरले तर 113. पताका डोंगरात विरघळली! लाल लुगडं आणि हिरवी झाडी यांचंही पुष्कळदा असंच होतं. म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, शून्यावर आणून मोकळं होऊ नका. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ब्लॅक अँड व्हाइट केलं की मिक्सरमध्ये आठ रंगांचे स्लायडर मिळतात, त्या त्या रंगाचा राखाडी उजळ किंवा गडद करणारे; काम तिथे करायचं.

पताका उजळायला हात आधी नारिंगी स्लायडरकडे जातो. थांबा. आपल्याकडच्या त्वचेचा रंगही बहुतेक नारिंगीतच येतो. तो +40 केला की पताकेबरोबर वारकऱ्यांचे चेहरेही पिठूळ होतात, सुरकुत्या पुसल्या जातात. उलट −30 केला की चेहरे काळवंडतात आणि प्रत्येक डाग उठून दिसतो. त्यापेक्षा डोंगर गडद करा. इथे आणखी एक गंमत आहे: गवत आणि पानं हिरव्यापेक्षा पिवळ्या स्लायडरला जास्त ऐकतात. पिवळा −25, हिरवा −15 इथून सुरुवात करून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर फक्त पताकेवर मास्क टाका, म्हणजे तेवढाच भाग निवडून उजळा. कपाळावरचं कुंकू लाल स्लायडरमध्ये असतं. लाल वाढवलात तर कुंकू कपाळात मिसळून नाहीसं होतं, त्यामुळे बाईच्या चेहऱ्याच्या फोटोत लाल थोडा खालीच ठेवावा. ओठही त्याबरोबर गडद होतात, तेवढं लक्ष असू द्या.

निळा स्लायडर खाली ओढून आभाळ नाट्यमय करण्याचा मोह सगळ्यांना होतो. आषाढातल्या करड्या आभाळात निळा असतोच कुठे? स्लायडर −80 वर नेला तरी फारसं काही हलत नाही. ढगांमधून निळा तुकडा दिसत असेल तर तो मात्र काळाकुट्ट होतो, त्यात दाणे उठतात आणि डोंगराच्या कडेला पांढरी रेघ येते. ढगांना आकार हवा असेल तर आभाळावर वेगळा मास्क घेऊन कॉन्ट्रास्ट वाढवावा. मिक्सरला हात लावण्याआधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा थंड-उबदारपणा, ठरवून टाका. तो नंतर बदललात तर रंग एका स्लायडरमधून दुसऱ्यात सरकतात आणि जमवलेले राखाडी बिघडतात.

हे सगळं करायला फाइल रॉ हवी, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली. कॅमेऱ्यात मोनोक्रोम प्रोफाइल लावून रॉ आणि जेपेग दोन्ही साठवा. स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसतं, त्यामुळे पताका विरघळतेय का ते जागच्या जागी कळतं, आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतो. नुसतं मोनोक्रोम जेपेग घेतलं तर रंग कायमचे गेले, मिक्सर हलवायला काही उरत नाही. शिवाय जेपेगमध्ये लाल, हिरवा, निळा यांतल्या प्रत्येक चॅनेलला 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384. आभाळात पट्टे पडतात ते याच कमतरतेमुळे. संगणकावर रॉ उघडल्यावर फोटो रंगीत दिसला तर घाबरू नका, ते अपेक्षितच आहे.

जेजुरीत मात्र मोनोक्रोम प्रोफाइल काढून टाका. त्यात हिस्टोग्राम, म्हणजे गडद-उजळाची वाटणी दाखवणारा आलेख, फक्त उजेडाचा दिसतो आणि भंडाऱ्यात आधी फुटतो तो लाल चॅनेल. उन्हातल्या पिवळ्या ढगात लाल 255 ला टेकला की भुकटीचा पोत जातो, सपाट पिवळा डाग उरतो. तिन्ही चॅनेलचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर −0.7 ते −1 ठेवा. ऑटो व्हाइट बॅलन्सही इथे फसतो: सगळीकडे पिवळं पाहून तो फोटो थंड करतो आणि हळद लिंबाच्या रंगाची दिसायला लागते. उन्हात 5,200 ते 5,500 केल्व्हिन, ढग असतील तर 6,500 च्या आसपास हातानं लावा. गडावर लेन्स बदलू नका. हळद बसली तर ब्लोअरनं उडवा. ओल्या फडक्यानं पुसलीत तर ती पसरते आणि रबराच्या खाचांत पिवळी राहते.

संध्याकाळी मुक्कामाच्या तंबूंत एलईडी, ट्यूब आणि पिवळे दिवे एकत्र येतात. चेहऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी नारिंगी. इथे ब्लॅक अँड व्हाइट खरंच मदतीला येतं. कमी उजेडासाठी वाढवलेल्या 6,400 आयएसओवरचे रंगीत ठिपकेही जातात आणि उरलेले दाणे खपून जातात. पण लाल किंवा निळ्या एलईडीखाली एखादा चॅनेल फुटला असेल तर तिथला तपशील कुठल्याही मिक्सरमधून परत येत नाही. आणि मुळात हललेला, गर्दीत हरवलेला फोटो कृष्णधवल केल्यानं ‘कलात्मक’ होत नाही, हे सांगायला नको, तरी सांगावं लागतं. पताका तेवढी भगवी आणि बाकी सगळं राखाडी, हा प्रकारही सोडून द्यावा.

छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी भारत रंगातच पाहिला आणि ती भूमिका ठामपणे मांडली. जेजुरीच्या पायऱ्यांवर ती पटते. दिवेघाटात, पाऊस नुकताच थांबलेला असताना, पटेलच असं नाही.

छापताना एक काळजी घ्या. रंगीत कागदावर लॅबमध्ये छापलेला कृष्णधवल फोटो कधी हिरवट, कधी जांभळट येतो. आधी 4 बाय 6 चा एकच प्रिंट काढून खिडकीच्या उजेडात पाहा, मग मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्या.