माशाच्या आकाराची वडी

रविवार, रात्री

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबामध्ये, खाल्लेल्या त्या लाल रश्शातल्या पदार्थाचे नाव आज अखेर कळले. कार्यालयाच्या कामासाठी तिकडे गेलो असता तिथल्या सहकाऱ्यांनी मला शाकाहारी म्हणून मुद्दाम एका ठरावीक खाणावळीत नेले होते. टेफ या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेला, एकाच बाजूने भाजलेला आणि वरून जाळी पडलेला भलामोठा इंजेरा समोर आला. त्यावर डाळींचे आणि भाज्यांचे निरनिराळे ढीग होते आणि मधोमध गडद लाल रश्शात घट्ट वड्या होत्या. चव निःसंशय हरभऱ्याच्या पिठाची होती. एका वडीचे टोक निमुळते होत जाऊन शेवटी दोन्ही बाजूंना फाकलेले होते, हेही नेमके आठवते.

पुण्यात परतल्यावर हे वर्णन ऐकून आईने तत्काळ निकाल दिला, "अरे, मग ती पाटवडीच की!" आईचे निकाल सहसा फिरत नाहीत, परंतु हा मला पटला नाही. आपली पाटवडी पीठ शिजवून, ताटात थापून कापलेली असते, म्हणून ती मऊ राहते. ती वडी मात्र मळलेल्या पिठाची आणि तळलेली असावी, कारण रश्शात मुरूनही तिच्या कडा शाबूत होत्या. रश्शालाही खोबऱ्याचे वाटण नव्हते. त्याचा दाटपणा कांद्याचा होता. तिकडे भरपूर कांदा आधी तेलाशिवाय, मंद आचेवर, त्याचा लगदा होईपर्यंत परततात आणि मगच तेल व बर्बेरे घालतात. बर्बेरे म्हणजे त्यांचा तिखट मसाला. त्यात मिरचीबरोबर मेथी, ओवा, आले, लसूण आणि कोरेरिमा नावाचा तिथलाच वेलदोडा असतो. हा कोरेरिमा मी मंडईत विचारला, तेव्हा दुकानदाराने अत्यंत आत्मविश्वासाने मसाला वेलदोडा पुढे केला.

पुस्तकांतून आणि चित्रफितींतून शोध घेतला, तेव्हा प्रत्येक ठिकाणी प्रथम शिरो भेटला. शिरो हा भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचा, मसाला घालून शिजवलेला पदार्थ. आपल्या पातळ पिठल्याचा सख्खा भाऊच म्हणता येईल, पण त्यात वड्या नसतात. मिसिर मसुरीचा, किक अलिचा हळद घातलेल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा. दोन्ही बाद झाले. तिथल्या रोजच्या जेवणातला कोणताही पदार्थ माझ्या वर्णनाशी जुळेना.

आज वहिनींकडे जेवायला त्यांच्या विभागात पीएच.डी. करणारा एक इथिओपियन विद्यार्थी येणार होता, म्हणून त्यांनी मलाही बोलावले. मी चव, रंग, घट्टपणा असे सारे तपशील सांगू लागलो. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, तुम्ही तिथे कोणत्या महिन्यात होता? मार्चमध्ये, असे मी म्हणताच तो हसला. "भाऊजी, उत्तर मिळालेलं दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

त्या पदार्थाला 'ये शिंब्रा आसा' म्हणतात. हरभऱ्याच्या पिठात मसाला घालून ते घट्ट मळायचे, लाटून त्याचे मासे कापायचे, तळायचे आणि बर्बेरेच्या रश्शात सोडायचे. तो फाकलेला भाग म्हणजे माशाची शेपटी होती. हा पदार्थ मुख्यतः ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासात होतो. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स पंथात हा उपवास ५५ दिवसांचा असतो. त्याखेरीज वर्षभर बहुतेक बुधवार आणि शुक्रवार पाळले जातात. या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सर्व वर्ज्य. मासा चालतो की नाही यावर तिथेही एकमत नाही, परंतु कडक पाळणारे तोही खात नाहीत आणि मग हरभऱ्याचा मासा करतात. एरवी तिथल्या रश्शांत घालतात त्या मसाल्याच्या लोण्याचा वास माझ्या रश्शात का नव्हता, याचाही उलगडा झाला.

इतके दिवस मी हा पदार्थ चवीवरून शोधत होतो. तो सापडला पंचांगावरून. उपवासाचा संशय मला येणेही अवघड होते, कारण आपल्याकडे उपवास म्हटला की डाळीचे पीठ पहिल्यांदा बाद होते आणि तूप, दूध, दही बिनदिक्कत चालते. तिथे नेमके उलट. आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंदही अमेरिकेतून आलेला, तरी तो चालतो आणि शतकानुशतके इथल्या रानात पिकणारा हरभरा चालत नाही! वहिनींनी हे त्या मुलाला समजावून सांगण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. त्याने समोरच्या साबुदाण्याच्या खिचडीकडे आणि तिच्यावरच्या तुपाकडे पाहून नम्रपणे विचारले की, मग यात उपवास कुठे आहे?

आईला फोन करून नाव सांगितले. तिने कृती नीट ऐकून घेतली, तेलाशिवाय कांदा परतणे तिला मुळीच मान्य झाले नाही, आणि पुढच्या रविवारी करून पाहू, पण वड्या चौकोनीच कापीन, असे तिने जाहीर केले.