शहाबादी फरशीवरचा चेलो

मराठवाड्यात चेलो (मोठ्या व्हायोलिनसारखं, बसून गजानं वाजवायचं वाद्य) आणि पियानोची मैफल ठरली की पहिला फोन साउंडवाल्याला जातो. तो थांबवा. जिथं माईक लावल्याशिवाय भागत नाही, ती जागाच या मैफलीची नव्हे. छत्रपती संभाजीनगरचं तापडिया नाट्यमंदिर किंवा संत एकनाथ रंगमंदिर नाटकाला ठीक. पण चेलोच्या सगळ्यात जाड तारेचा खर्ज असतो 65 हर्ट्‌झच्या आसपास. एवढ्या मोठ्या सभागृहात तो मागच्या रांगेत पोचवायचा तर स्पीकर आला, आणि स्पीकर आला की तारेवर गज धरतो-सोडतो तो खरखरीत श्वास गेला. साठ माणसांची खोली शोधा.

खोलीचा हिशेब सोपा आहे. 30 बाय 20 फुटांचा, 12 फूट उंचीचा हॉल म्हणजे साधारण 204 घनमीटर हवा. सिमेंटच्या भिंती, फरशी, स्लॅब असा हॉल रिकामा असताना टाळी वाजवली तर तीन सेकंद घुमते, आणि आयोजक तिथंच घाबरतो. घाबरायचं कारण नाही. बसलेला एक माणूस अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीएवढा आवाज शोषतो. साठ माणसं म्हणजे 27 ते 30 चौरस मीटर, आणि तोच घुमारा सव्वा सेकंदाच्या आत येतो. चेंबर म्युझिकला, म्हणजे लहान खोलीतल्या मोजक्या वाद्यांच्या संगीताला, तेवढाच हवा असतो. त्यामुळं रिकाम्या हॉलमध्ये भिंतींना पडदे मारत बसू नका; माणसं आल्यावर सगळं कोरडं पडेल. सतरंज्या फक्त श्रोत्यांखाली टाका.

जुना माळवदाचा वाडा मिळाला तर सोडू नका. वर सागवानी तुळया आणि किलचण, खाली ओसरी, भिंती मातीच्या: असली खोली मधल्या सुरांना धरून ठेवते आणि कर्कशपणा गिळते. आवाज चारी बाजूंनी सारखा परतत नाही, कारण तुळयांमुळं छत खालून सपाट नसतं. चौक उघडा असेल तर मात्र वादकांना चौकात बसवू नका. ओसरीत, भिंतीला पाठ करून बसवा. नाहीतर निम्मा आवाज आभाळात जातो.

आता फरशी. चेलो जमिनीवर उभा राहतो तो एका टोकदार दांडीवर, तिला एन्डपिन म्हणतात. शहाबादी किंवा कोटा फरशीवर ही दांडी घसरते, तीही नेमकी जोरकस गज मारताना, आणि वाद्य वादकाच्या मांडीतून पुढं सरकतं. रबरी गोळी लावून सुटेल असं वाटतं. पॉलिश केलेल्या फरशीवर धूळ असली की तीही सरकते. खात्रीचा उपाय: तीन बाय चार फुटांचा जाड गालिचा, खुर्चीचे पुढचे दोन पाय त्याच्यावर रोवलेले, दांडीचं टोक त्यातच. माणसाच्या वजनानं गालिचा हलत नाही. गालिचा नसेल तर पट्ट्याचं एक टोक खुर्चीच्या पायाला अडकवून दुसऱ्या टोकाच्या कडीत दांडी ठेवतात. हा पट्टा बऱ्याच चेलोवाल्यांच्या पेटीत असतोच, विचारून घ्या.

खुर्चीवर दोन शब्द जास्त. मंडपवाले पाहुण्या कलाकाराला आदरानं नवरदेवाचं सिंहासन आणून ठेवतात. त्यावर चेलो वाजवता येत नाही. हातांची प्लास्टिक खुर्चीसुद्धा चालत नाही: बाहेरच्या तारेवर जाताना गज खुर्चीच्या हाताला आपटतो, आणि तिची बैठक मागं कललेली असल्यानं वादक घसरत मागं जातो. बिनहाताची, सपाट, कडक बैठकीची, 45 ते 47 सेंटीमीटर उंचीची लाकडी खुर्ची हवी. शाळेतल्या स्टाफरूममध्ये हमखास सापडते. लोखंडी अँगल-प्लायचा मंडपी स्टेजही नकोच. एन्डपिनमधून कंपनं थेट प्लायमध्ये उतरतात आणि खर्जाच्या सुराला कुठला तरी ढिला बोल्ट साथ देऊ लागतो.

पियानो हा खरा प्रश्न. अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचा पियानो 200 ते 250 किलोचा असतो. छोट्या हत्तीतून नेता येतो, पण उभाच, केबिनला पाठ लावून, पट्ट्यांनी बांधून. आडवा कधीच नाही. चढवा-उतरवायला सहा माणसं लागतात, चार म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हलवलेला पियानो बेसूर होणार हे धरूनच चाला. त्यामुळं तो किमान दोन दिवस आधी त्याच खोलीत आणायचा आणि ट्यूनिंग कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. ट्यूनर बहुधा पुण्या-मुंबईहून येतो. त्याला दीड-दोन तास शांतता लागते, आणि तेव्हाच डेकोरेशनवाला हातोडा घेऊन येतो. वेळा आधीच वेगळ्या ठेवा.

अपराइटचा आवाज पाठीमागच्या फळीतून निघतो. भिंतीला चिकटवला तर खर्ज गढूळ होतो, आणि चेलोचा बराचसा वावर त्याच पट्ट्यात आहे. फूट-दीड फूट पुढं ओढा. तरी दबदबा वाटला तर मागच्या बाजूला घरची वाकळ टांगा, फोमच्या शीटपेक्षा ती बरी. ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो मिळालाच तर झाकण बुटक्या दांडीवर ठेवून आधी ऐका. चेलोवाला पियानोच्या वळणात, थोडा पुढं, चेलोच्या अंगावरची दोन्ही छिद्रं श्रोत्यांकडं. पियानोवाल्याला त्याचा गज दिसलाच पाहिजे. दोघं एकत्र सुरू होतात ते गजाच्या हालचालीवर.

डिजिटल पियानो चालतो का? चालतो, 88 वजनदार पट्ट्यांचा असेल तर. त्याचे स्वतःचे स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून असतात, त्यामुळं आवाज फरशीतून आल्यासारखा वाटतो. एक चांगला स्पीकर पियानोवाल्याच्या मागं, कानाच्या उंचीवर ठेवा, चेलोच्या शेजारी नको. लाईट हा दुसरा घोळ. क्षणभर गेली-आली तरी पियानो पुन्हा सुरू होतो आणि बऱ्याचदा सगळ्या सेटिंग विसरून. ए सूर 442 हर्ट्‌झवर लावलेला असेल तर 440 वर येतो. कम्प्युटरचा साधा 600 व्हीएचा यूपीएस पियानोपुरता पुरतो. फक्त त्याची शिट्टी आधी बंद करून घ्या. संथ भागात लाईट गेली आणि पियानो वाजत राहिला, पण यूपीएस टीं-टीं करायला लागला, तर उपयोग काय?

सूर मिळवताना एक बारकावा. चेलोवाला वरच्या ए तारेवरून एकेक शुद्ध पंचम उतरत डी, जी, सी लावतो. पियानोचा पंचम मात्र दोन सेंटनं आखूड असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तीन पंचम उतरले की सी तार पियानोपेक्षा सहा सेंट खाली जाते, आणि खर्ज एकत्र वाजला की तो फरक कानाला टोचतो. म्हणून सी तार शेवटी पियानोच्या सीशी थेट मिळवायला दोन मिनिटं द्या. आपल्या श्रोत्यांना तंबोरा जुळवण्याची सवय आहे, ते कंटाळत नाहीत.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात खुंट्या आकसून सुटतात, घोडी पुढं कलते, कधी अंगाची शिवण उघडते. वाद्य सरसानं चिकटवलेलं असतं आणि उन्हात उभ्या गाडीत सरस मऊ होतो. डिकीत तर नाहीच. आर्द्रता 40 ते 60 टक्के हवी. म्हणून कूलर लावू नका, निदान वाद्याच्या तोंडावर नाही: ओला झोत एका बाजूनं आला की लाकूड एकाच बाजूनं फुगतं. पंखे वाजवण्याआधी बंद. पाती फिरताना आवाज कापतात, शिवाय नोटेशनची पानं उडतात. कपड्यांचे चार चिमटे जवळ ठेवा.

कार्यक्रम तासाभराचा, मध्यंतराविना. बीथोव्हनच्या पाच चेलो सोनाटांपैकी (सोनाटा म्हणजे काही भागांची रचना) 1808 ची ओपस 69 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) घेतली तर साधारण 26 मिनिटं. फोरेची 'एलेजी' 7, डेब्यूसीची 1915 ची सोनाटा 12, शेवटी साँ-साँचा 'हंस' 3. ओपस 69 सुरुवातीलाच ठेवा. ती एकट्या चेलोनं सुरू होते, त्यामुळं पहिल्या चार मात्रांतच कळतं की बाहेरचा जनरेटर किती लांब ठेवायला हवा होता. ब्राह्मसची पहिली सोनाटा, ओपस 38, मोहात पाडते. पण चेलो खर्जात आणि पियानो दाट, शेवटच्या भागात तर फ्यूगची, म्हणजे एकामागून एक धावणाऱ्या त्याच धुनेची, झुंबड. डिजिटलबरोबर किंवा वाकळ टांगलेल्या अपराइटबरोबर ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. दोन भागांच्या मध्ये टाळ्या पडल्या तर पडू द्या. निवेदकानं सुरुवातीला मराठीत एवढंच सांगावं की तुकड्याचे भाग किती आहेत.

आणि सत्कार. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत: चाळीस मिनिटं. तेवढ्यात खोली साठ माणसांच्या श्वासानं दमट होते, तारांचा सूर हलतो, वादकांची बोटं गार पडतात. सगळा सत्कार शेवटी घ्या. तेव्हाही हार गळ्यात नको, हातात द्या. नुकतं पाणी शिंपडलेल्या शेवंतीचे थेंब चेलोच्या खांद्यावर पडले की व्हार्निशवर पांढरे डाग उठू शकतात. ते पुसायला पुढं आलेल्या कार्यकर्त्याच्या हातातला रुमाल आधी काढून घ्या.