दादा, मी आणि कॉन्ट्रा

आज दादा घरी आला म्हणून 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' डाउनलोड केलं. कोनामी या गेम कंपनीने २०१९ मध्ये काढलेल्या या जुन्या गेमच्या संचात १९८८ चा एनईएसवाला (निन्टेन्डोच्या जुन्या गेम मशीनवरचा) कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम जसाच्या तसा आहे! लहानपणी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेममध्ये आमची हीच कॅसेट कायम घातलेली असायची. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए... या गुप्त कोडच्या बटणांवर दादाचा अंगठा आपोआप फिरला आणि ३० लाइफ मिळाल्या. धबधब्याच्या लेव्हलला तेच जुनं भांडण. एकजण भराभर वर चढला की स्क्रीन सरकते आणि खाली राहिलेला मरतो. "अरे दादा, थांब ना!" आता गेम मध्येच सेव्ह करता येतो. तेव्हा लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. हे जुने गेम जपणाऱ्यांचे मनापासून आभार. एकाच वेळी पसरून गोळ्या सोडणारी 'एस'वाली बंदूक अजूनही दादाच उचलतो, आणि मी आनंदाने उचलू देतो.