तुटलेला स्टड बदलला तेव्हा

खानापूरहून बेळगावला भाजी घेऊन जाताना पिकअप पंक्चर झाली. पंक्चरवाल्याने गन लावून नट कचकचून आवळले. महिन्याभराने मागचं चाक काढायला गेलो तर एक नट हलेना. पान्यावर पाय देऊन जोर लावला आणि कट् आवाज होऊन स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो चाकाचा बोल्ट, नटासकट तुटला.

"चार हायत की अजून, चालतंय," शेजारी म्हणाला. मला पटलं नाही. एक गेला की शेजारच्या दोघांवर भार पडतो, आणि मला भरली गाडी घेऊन पावसात रोज जायचं असतं.

मामा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्यांनी बजावलं, "तुकडा घेऊन जा दुकानात. नुसतं बारा एमएमचा द्या म्हणू नकोस." बारा एमएममध्ये १.२५ पिचचेही आटे येतात आणि १.५ चेही; पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. दुकानदार कानडी, मी मराठी. तुकडा काउंटरवर ठेवला आणि काम झालं. गनचा ताण पाचही जणांनी खाल्ला होता, म्हणून त्या चाकाचे पाचही स्टड-नट नवे घेतले.

स्टड मागच्या बाजूने निघतात, त्यासाठी आधी ब्रेकचा ड्रम काढायचा, आणि तो काढायचा तर हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, मग जॅक, आणि एक्सलखाली घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर मामांनी हात घालू दिला नाही. जुने स्टड हातोडीने बडवूही दिले नाहीत, बेअरिंगला मार बसतो. पुलरने दाबून एकेक मागे काढला; फ्लँज, म्हणजे स्टड बसतात ती चकती, फिरवून जिथे मागे जागा मिळेल तिथूनच तो बाहेर येतो.

नवा स्टड मागून घातला, पुढून तीन-चार वायसर घालून जुना नट उलटा लावला आणि हातपान्याने ओढत आणला. पाना जड झाला तसं मला वाटलं, बसला. मामांनी खिशातली बिलाची पावती काढली आणि मागून स्टडच्या डोक्याखाली सरकवली. ती आत गेली! डोकं अजून टेकलंच नव्हतं. तसंच चाक चढवलं असतं तर चालता चालता स्टड आत ओढला गेला असता आणि वर घट्ट वाटणारा नट ढिला पडला असता. पुन्हा ओढला. कागद अडेपर्यंत पाचही तसेच तपासले.

आट्यांना तेल-ग्रीस काही नाही, नुसता वायर ब्रश. तेल लागलं की त्याच जोरात नट जास्त ओढला जातो. चाक चढवून नट आधी हाताने, मग एक सोडून एक. गाडी खाली टेकवल्यावर गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर टॉर्क पाना लावला, कट् वाजेपर्यंत; ठरवलेला जोर भरला की हा पाना वाजतो.

बेळगावच्या दोन फेऱ्या झाल्या, म्हणजे शंभरेक किलोमीटर. चाक थंड झाल्यावर पुन्हा पाना लावला. चार नट जागचे हलले नाहीत, पाचवा जरासा फिरला. परवा आणखी एका फेरीनंतर पाहिला, आता तोही हलत नाही.