आईचे गुडघे आणि खंबाटकीचा घाट

आय-२० एन लाइनची टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि त्या रात्री झोपच लागली नाही. ९९८ सीसीचं टर्बो इंजिन, १२० पीएस ताकद. तिसऱ्या गिअरला पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. डोळ्यांसमोर सारखा खंबाटकीचा घाट.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. तिने दाराची कड धरली, एक पाय आत टाकला आणि थांबली. उतरताना तर मला हात द्यावा लागला. "छान आहे रे गाडी," म्हणाली, गुडघा चोळत.

मग तीन रांगांची अर्टिगा पाहिली. तिच्यात आई साडी सावरून आपली आपण बसली. घरात आम्ही सहा जण. तिसरी रांग उभी ठेवली की डिकी उरते २०९ लिटर, गावचं तांदळाचं पोतं कुठे ठेवायचं कोण जाणे! तरी अर्टिगाच बुक केली. माझा हट्ट एवढाच, मॅन्युअल हवी, गिअर हाताने टाकायची.