उगवण ९४, रोपं ७१

उगवण चाचणीला आलेला घेवड्याच्या बियाण्याचा तो लॉट वरून बघता निर्दोष होता. दाणे टपोरे, टरफल चकचकीत, फुटकी डाळ नावालाही नाही. ओल्या वाळूचे चार ट्रे, प्रत्येकात १०० बिया, वर दीडेक सेंटिमीटर वाळूचा थर, तापमान २५ अंश. पाचव्या दिवशी ४०० पैकी ३७६ रोपं वाळू फोडून वर आलेली. नव्या सहकाऱ्याने वहीत पेन्सिलने ९४ टक्के लिहूनही टाकलं. नवव्या दिवशी शेवटच्या मोजणीसाठी ट्रे टेबलावर घेतले आणि पहिल्याच ओळीत तीन रोपं बोडकी निघाली. दांडा जाडजूड, दोन्ही दलं (बीच्या दोन डाळी) फाकलेली, आणि मधे जिथे पानांची पहिली जोडी हवी तिथे नुसता तपकिरी खुंट.

पाचव्या दिवशी हे दिसलं नाही, त्याला कारण आहे. घेवड्याच्या बीतून आधी मूळ खाली जातं. मग दलांखालचा दांडा आकड्यासारखा वाकून वर सरकतो आणि मिटलेली दलं मागून ओढून आणतो. कोंबाचा शेंडा त्या दलांच्या आत सुरक्षित, वाळूला घासत नाही. मोजणारा फसतो तो इथेच, कारण शेंडा शाबूत असो वा नसो, बाहेरून दिसतात फक्त दलं. चिमट्याने ती अलगद फाकवून आत घडी घातलेली दोन पानं आहेत का बघावं, नाहीतर ती आपोआप उघडेपर्यंत थांबावं. घाईत आकडा कायम करू नये.

मग एकेक रोप उपटून, वाळू झटकून कागदावर मांडलं. सामान्य रोपं २८४, असामान्य ९२, मेलेल्या बिया २० आणि ताज्या पण न उगवलेल्या ४. अहवालात उगवण म्हणून जातो तो पहिलाच आकडा, म्हणजे ७१ टक्के. ट्रेनिहाय आकडे ६८, ७४, ७० आणि ७२. एवढा फरक चालतो, तेव्हा मांडणीत घोळ नव्हता. असामान्य ९२ मध्ये ५७ बोडकी, २६ रोपांची दलं निम्म्याहून जास्त गेलेली, बाकी ९ खुरट्या मुळाची.

सहकाऱ्याने एक दल गळालेली सगळी रोपं असामान्यांच्या ढिगात टाकली होती. ही चूक बहुतेकांकडून होते. नियम निम्म्याचा आहे. दोन्ही दलं मिळून किमान अर्धा भाग जिवंत आणि कामाचा असेल तर रोप सामान्य. म्हणजे एक दल पूर्ण गेलं आणि दुसरं धडधाकट असेल, तरी रोप पास. पण कुजलेला किंवा मेलेला भाग शेंड्याला भिडलेला असेल तर हा नियम लावायचाच नाही. दलं तीन चतुर्थांश शाबूत असली तरी ते रोप असामान्य. पानांच्या पहिल्या जोडीलाही निम्म्याचाच हिशेब. त्यामुळे बरीच रोपं ढिगातून परत उचलावी लागली. वर दिलेले आकडे त्यानंतरचे.

दलांना एवढं महत्त्व का, ते वजनावरून कळतं. घेवड्याच्या कोरड्या बीत सुमारे ९० टक्के वजन दलांचं असतं. मूळ, दांडा आणि शेंडा मिळून होणारा अक्ष जेमतेम एक-दोन टक्के, बाकी टरफल. स्टार्च आणि प्रथिनं दलांत, वाढ अक्षात, आणि दोघांना जोडणारा देठ अगदी चिंचोळा. तो तुटला तर दल कितीही भरलेलं असो, अक्ष उपाशी. वर आल्यावर दलं हिरवट होतात, पण काकडी-भोपळ्याच्या दलांसारखी पसरून पानाचं काम करत नाहीत. रिकामी होतात, सुरकुततात, गळतात. (वाटाण्याची आणि हरभऱ्याची दलं जमिनीतच राहतात. एरंडीत तर साठा दलांबाहेर असतो आणि कागदासारखी पातळ दलं तो शोषून अक्षाला पुरवतात. सगळ्या द्विदलांना घेवड्याचा नियम लावू नये.)

आता प्रश्न उरला तो मोडतोड कशाने झाली याचा. कोरड्या नमुन्यातल्या १०० बिया २० टक्के फेरिक क्लोराइडच्या द्रावणात १५ मिनिटं ठेवल्या. टरफलाला तडा असेल तिथे काळा डाग उठतो. काळ्या पडल्या फक्त ६. म्हणजे टरफल बहुतेक शाबूत आणि मोडतोड आत. मळणीत असं होतं. अक्ष बीच्या कडेला, बी शेंगेला चिकटते त्या खुणेजवळ असतो आणि त्या बाजूने त्याला टरफलाशिवाय आडोसा नसतो. दाणा मळणी यंत्राच्या ड्रमवर आपटला की टरफल वाचतं, शेंडा तुटतो. ओव्हनमध्ये काढलेला ओलावा निघाला ८.६ टक्के. इतकं कोरडं घेवड्याचं बी काचेसारखं ठिसूळ होतं. मळणीला १४-१५ टक्के ओलावा बरा.

मात्र कोरड्या बीला दुसराही धोका असतो. ती एकदम ओल्या वाळूत पडली की पाणी भसकन आत शिरतं, दलाचा बाहेरचा थर आधी फुगतो, आतला कोरडाच राहतो, आणि दल आडवं तडकतं. तड्यापलीकडचा साठा अक्षापर्यंत पोचत नाही. ही दोन कारणं वेगळी करायला एक साधी युक्ती आहे. त्याच नमुन्यातल्या १०० बिया बंद डब्यात, पाण्याच्या वर जाळीवर, २४ तास ठेवल्या. हवेतल्या ओलाव्याने त्या सावकाश मऊ झाल्या, मग तशाच वाळूत पेरल्या.

बोडकी रोपं निघाली १४. मूळच्या चाचणीत दर शंभरी साधारण तेवढीच होती. दलं निम्म्याहून जास्त गेलेली मात्र साडेसहावरून २ वर आली. म्हणजे बोडकेपणा यंत्राचा आणि तडे बहुतांशी पाण्याचे. सोबत त्याच पिकाच्या हाताने सोललेल्या शेंगांचं बी मागवून तपासलं होतं, त्यात शंभरात एकच बोडकं निघालं.

अहवालात ७१ गेलं. लॉट पुन्हा चाळून सुधारता येईल का, अशी विचारणा झाली. नाही येत. शेंडा तुटलेली बी चांगल्या बीइतकीच जड, तेवढीच मोठी आणि त्याच रंगाची असते. चाळणी, हवा, ग्रॅव्हिटी टेबल (हलके-जड दाणे वेगळे करणारं यंत्र), कोणीच तिला ओळखत नाही. करायचं ते पुढच्या मळणीत: ड्रमचा वेग कमी, फट मोठी, आणि दाणा उंचावरून लोखंडावर पडू द्यायचा नाही.

काही बोडकी रोपं ट्रेमध्ये तशीच ठेवली होती. विसाव्या दिवशी काहींच्या दलांच्या बेचक्यातून दोन-दोन बारीक फुटवे निघाले. खुंट दलांच्या वरचा होता म्हणून बेचक्यातले डोळे वाचले. दलांखाली तुटलं असतं तर फुटायला डोळाच नव्हता. शेजारच्या सामान्य रोपांना तोवर तीन-तीन पर्णिकांची संयुक्त पानं आली होती.