सरकतं सॅडल आणि उघडा व्हेंट

शेल अँड ट्यूब एक्स्चेंजर, म्हणजे ट्यूबमधल्या आणि त्यांच्याभोवतीच्या शेलमधल्या (बाहेरच्या पिंपातल्या) प्रवाहांत उष्णतेची देवाणघेवाण करणारं यंत्र, बसवताना सगळा वेळ क्रेन, लेव्हल आणि पाइपिंगवर जातो. महागात पडणारी चूक मात्र चार नटांवर होते. आडव्या एक्स्चेंजरला खाली दोन सॅडल, म्हणजे आधार, असतात, एक पक्कं आणि दुसरं सरकतं. सरकत्या सॅडलच्या बेसप्लेटला गोल भोकांऐवजी लांबट भोकं ठेवलेली असतात. ती लांबट का, हे फिटरला कोणी सांगत नाही, आणि तो बिचारा इमानेइतबारे दोन्हीकडचे नट सारखेच आवळून मोकळा होतो.

हिशोब सोपा आहे. कार्बन स्टील दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन वाढतं. दोन सॅडलमध्ये 4 मीटर अंतर असेल आणि शेल 30 वरून 130 अंशांवर गेलं, तर वाढ 4.8 मिमी, म्हणजे दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). स्टेनलेस 16 मायक्रॉनने वाढतं, तिथे पुरे दोन सूत. नट आवळले म्हणून शेल वाढायचं थांबत नाही. मग फाउंडेशन बोल्ट वाकतो, ग्राउट (बेसप्लेटखाली भरलेलं सिमेंट) फुटतं, नाहीतर नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) वेल्डवर ताण येतो, आणि तो ताण बाहेरून दिसत नाही.

म्हणून सरकत्या बाजूचा नट हाताने टेकवायचा, अर्धा आटा मागे घ्यायचा आणि वर चेकनट (पहिला सैल होऊ नये म्हणून दुसरा नट) मारायचा. गरम होणाऱ्या एक्स्चेंजरमध्ये बोल्ट लांबट भोकाच्या पक्क्या सॅडलकडच्या टोकाला टेकलेला नको. सॅडल बाहेरच्या बाजूला सरकतं आणि तेच टोक बोल्टवर येऊन अडतं. बेसप्लेटखालची स्लाइड प्लेट ग्रीस लावून साफ ठेवा. ग्राउटिंगवाल्यांनी सांडलेलं सिमेंट त्या भोकात गेलं असेल तर छिन्नीने काढा. हे पाहायला खाली वाकावं लागतं, त्यामुळे बहुतेक तपासण्यांत ते सुटतं.

जागा ठरवताना चॅनेलच्या (ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या डब्याच्या) समोर बंडलच्या (ट्यूबच्या जुडग्याच्या) लांबीहून जास्त मोकळी जागा सोडायची. ड्रॉइंगवर ती असतेच, पण वर्षभरात तिथे केबल ट्रे येतो आणि बंडल काढायच्या दिवशी सगळे एकमेकांकडे बघतात.

पाइप नोझलपर्यंत आपल्या आधारावर आला पाहिजे. चेनब्लॉक लावून ओढून फ्लँज जुळवला की एक्स्चेंजर पाइपचा सपोर्ट होऊन बसतो. परीक्षा सोपी: गॅस्केट घालण्याआधी सगळे बोल्ट हाताने आरपार गेले पाहिजेत. लाइनचं फ्लशिंग एक्स्चेंजर बाजूला ठेवून, मध्ये तात्पुरता स्पूल (पाइपचा तुकडा) टाकूनच करा. पाऊण इंची ट्यूबचा आतला व्यास 15 मिमीच्या आसपास असतो. वेल्डिंग रॉडची थोटकं, स्लॅग, कॉटन वेस्टचा बोळा, सगळं येऊन ट्यूबशीटवर (ट्यूबची टोकं बसवलेल्या भोकांच्या प्लेटवर) अडकतं.

बोल्टिंग समोरासमोर, टप्प्याटप्प्याने: आधी ठरलेल्या टॉर्कच्या 30 टक्के, मग 60, मग 100, आणि शेवटी गोल फिरत एकही नट हलत नाही तोवर. गॅस्केट नवीनच. कॉम्प्रेस्ड फायबरचं गॅस्केट एकदा तापल्यावर पुन्हा आवळू नका. ते कडक झालेलं असतं, चिरतं. बदलून टाका.

हायड्रोटेस्टमध्ये (पाणी भरून घेतलेल्या दाबाच्या चाचणीत) शेल बाजूचा दाब आधी घ्या, चॅनेल कव्हर उघडं ठेवून, म्हणजे ट्यूब आणि ट्यूबशीटच्या जोडातून पाणी झिरपतं का ते डोळ्यांनी दिसतं. फ्लोटिंग हेड (ट्यूबशीटचं एक टोक शेलला न बांधता मोकळं) असेल तर त्यासाठी टेस्ट रिंग (तिथली फट बंद करणारी कडी) लागते. स्टेनलेस असेल तर टेस्टच्या पाण्यात क्लोराइड 50 पीपीएमच्या आत हवं. जवळ आहे म्हणून बोअरचं पाणी भरायचं नाही, आणि टेस्ट झाल्यावर पाणी आत तसंच ठेवायचं नाही. खड्डे पडायला तिथूनच सुरुवात होते.

आता सुरू करणं. नियम सगळ्यांना पाठ आहे: आधी थंड, मग गरम, बंद करताना आधी गरम बंद, मग थंड. पण पाठ असणं वेगळं आणि कारण माहीत असणं वेगळं.

13 जून 2013 रोजी अमेरिकेत लुइझियानातल्या गाइस्मारमध्ये विल्यम्स कंपनीच्या ओलेफिन्स प्लांटमध्ये एक स्टँडबाय रीबॉयलर (द्रव उकळवणारा एक्स्चेंजर) फुटला. प्रोपेन असलेली शेल बाजू व्हॉल्व्हने बंद होती आणि त्या बंद व्हॉल्व्हमुळे सेफ्टी व्हॉल्व्हशी तिचा संबंधच तुटला होता. शेल रिकामं नाही हे कोणाला माहीत नव्हतं. ट्यूबमधून गरम पाणी सोडलं आणि साधारण तीन मिनिटांत शेल फुटलं. दोन माणसं गेली. बर्नर नाही, ज्वाला नाही, नुसतं गरम पाणी.

सगळीकडून कोंडलेला द्रव तापला तर त्याला फुगायला जागा नसते. भरगच्च कोंडलेल्या पाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं तरी दाब कित्येक बारने चढतो. म्हणून गरम व्हॉल्व्हला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारा: थंड बाजूला बाहेर पडायला वाट उघडी आहे का? आउटलेट उघडा, किंवा त्या बाजूवर थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह, आणि त्या रिलीफच्या मध्ये बंद होऊ शकेल असा व्हॉल्व्ह असेल तर तो उघडा ठेवून कुलूपबंद केलेला. नुसती लाल चिठ्ठी पावसात गळून पडते.

क्रम असा. थंड बाजूचा आउटलेट पूर्ण उघडा, वरचा व्हेंट (हवा सोडायची तोटी) उघडा, ड्रेन बंद. इनलेट हळूहळू उघडा. व्हेंटमधून आधी हवा, मग फुसफुसत पाणी, मग एकसंध धार आली की व्हेंट बंद. हवा आत राहिली तर वरच्या ट्यूबा कोरड्या राहतात, वेगळ्या तापतात आणि ट्यूबशीटमधला जोड ढिला होतो. कूलिंग वॉटर कमी करायचं तर आउटलेटवर करा, इनलेटवर नाही. एक्स्चेंजर भरलेला राहतो. ट्यूबमधला वेग सेकंदाला 1 मीटरखाली गेला की गाळ बसतो. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी येतं तेव्हा हा आकडा फार जपायचा.

मग गरम बाजू, त्याच पद्धतीने, पण थोडी थोडी करत. निर्मात्याने तापवायचा दर दिला असेल तर तो. नसेल तर तासाला 50 अंशांच्या आत. फिक्स्ड ट्यूबशीटच्या एक्स्चेंजरला हे सगळ्यात जास्त लागू आहे, कारण तिथे ट्यूब आणि शेल दोन्ही टोकांना बांधलेले असतात आणि एक वाढलं, दुसरं नाही, तर ओढाताण थेट जोडावर.

गरम बाजूला स्टीम असेल तर इनलेटआधी लाइनचा ड्रेन उघडून कोरडी वाफ येईपर्यंत थांबा. साचलेल्या कंडेन्सेटला (वाफेच्या झालेल्या पाण्याला) वाफेने ढकललं की होणारा धडाका बंडलपर्यंत पोचतो. मोठा व्हॉल्व्ह उघडण्याआधी 1 इंची बायपासवर तापवणं हे आळशीपणाचं नव्हे, शहाणपणाचं लक्षण आहे.

‘आधी थंड, मग गरम’ या नियमाला एक अपवाद आहे. अमोनिया किंवा ग्लायकॉलवर पाणी थंड करणारा चिलर असेल, तर आधी पाणी फिरवायचं आणि मगच शून्याखालचा द्रव सोडायचा. इथे ‘आधी थंड’ म्हणत गेलात तर पाणी ट्यूबमध्ये गोठतं आणि बर्फ ट्यूब फाडतो.

पहिल्या तापण्यात फ्लँजमधून थेंब दिसला तर दाबाखाली पाना लावायचा मोह आवरा. गरम बाजू बंद करा, थंड होऊ द्या, दाब शून्यावर आणा, मग बघा. सरकतं सॅडल याच वेळी तपासा: सुरू करण्याआधी बेसप्लेटच्या कडेला फाउंडेशनवर खडूने रेघ मारून ठेवा. तापल्यावर ती कडा रेघेपासून हलली नसेल, तर कुठेतरी अडकलं आहे.

रिकामं करताना ड्रेनच्या आधी वरचा व्हेंट उघडा. आतून साफ करायला स्टीम मारून झाल्यावर सगळे व्हॉल्व्ह बंद करून जेवायला जाऊ नका. आतली वाफ पाणी होते, आत निर्वात होतो, आणि निर्वातासाठी न बनवलेलं पातळ शेल आत चेपतं.